खोली लावणारे सेक्रेटरी

सेक्रेटरी कोणत्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवत. एकच. कोरडी, नेमकी, दोन्ही तळवे जरा पोकळ धरून वाजवलेली. मग मान किंचित तिरकी करून, वर आढ्याकडे पाहत, ती टाळी विरेपर्यंत थांबत. मंगल कार्यालय असो, बँक असो, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना असो. सोबतच्या माणसाला लाज वाटे, त्यांना नाही. एका स्नेह्यांचे वडील वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. तिथेही बैठकीच्या खोलीत पाऊल टाकताच त्यांचे हात वर आले. मी डोळे मोठे केले, तेव्हा तेच हात त्यांनी जोडले आणि नमस्कार केला. परत निघाल्यावर जिन्यात हळूच म्हणाले, "खोली चांगली होती हो, बाई. नुसत्या सोफ्यांनी वाया घालवलीय."

त्यांची आणि माझी ओळखही त्या टाळीनंच झाली. मी नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. एका दुपारी वाचनकक्षात टाळी वाजली. सगळ्या माना वर झाल्या. दारात पांढऱ्या हाफशर्टातला, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेला एक गृहस्थ छताकडे पाहत उभा होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "इथे शांतता पाळायची असते."

"तीच ऐकत होतो," ते म्हणाले. "पण तुमची पुस्तकं आवाज पितात. खोली वाचायला उत्तम आहे. गायला नाही चालणार." मग माझ्याकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही नेहमीच इतकं हळू बोलता?"

"हो."

"तंबोरा शिकाल का?"

या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध, ते मला कळेना. त्यांनीच सांगितलं. "हळू बोलणाऱ्या माणसाला पुढे यायची घाई नसते. तंबोऱ्याला तेवढंच लागतं. बाकीचं मी शिकवतो." त्यांनी खरंच शिकवलं. पुढची कित्येक वर्षं नगरला आलेल्या प्रत्येक ध्रुपद गायकाच्या डाव्या खांद्यामागे तंबोरा घेऊन मी बसत आले. माझ्या आयुष्यात मला स्वतःची म्हणून मिळालेली जागा ती एवढीच.

त्यांच्या मंडळाचं नाव होतं ‘जुन्या गाण्याचं मंडळ’. या नावानं घोळ व्हायचा. लोक जुन्या सिनेमाची गाणी ऐकायला म्हणून यायचे आणि समोर पखवाज पाहून बुचकळ्यात पडायचे. एकदा एका वकिलांनी विचारलं, "जुनं म्हणजे किती जुनं हो?" सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या आजोबांना जे जुनं वाटलं असतं, तितकं." वकील ताटकळत बसले, धमार सुरू झाल्यावर मान डोलावू लागले आणि पुढच्या बैठकीला बायकोला घेऊन आले. नाव बदला, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. सेक्रेटरी म्हणत, "चुकून आलेला माणूस जास्त नीट ऐकतो. मुद्दाम आलेला शेजाऱ्याला राग कोणता ते सांगत बसतो."

या मंडळाला अध्यक्ष नव्हता. खजिनदार नव्हता. नुसते सेक्रेटरी होते आणि सगळं नगर त्यांना त्याच नावानं ओळखे. "अध्यक्ष आला की हार आला," ते म्हणायचे, "हार आला की भाषण आलं, आणि भाषण आलं की माईक आला. मूळच नको." त्यांचं कापडबाजारामागच्या बोळात चष्म्याचं दुकान होतं. मंडळाचा सगळा कारभार त्या काउंटरवरून चाले. निमंत्रणपत्रिका कधी छापली नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा बसवायचा, कानामागची काडी वाकवून नीट करायची, लांबचं दिसतं का, जवळचं दिसतं का विचारायचं, आणि शेवटी म्हणायचं, "डोळ्यांचं झालं. आता रविवारी चाचांच्या माडीवर या, कानांचं बघू." चष्मा लागला म्हणून एखादी मुलगी रडवेली झाली तर तिला ते मोठ्या गंभीरपणे सांगत, "अगं, कमी दिसण्यात लाज नाही. कमी दिसतंय ते लपवण्यात आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की मी काउंटरवरच्या फ्रेमा पाहायला लागायची.

चाचांची माडी म्हणजे आमचं सभागृह. चाचांचा गाद्यांचा कारखाना होता. खाली कापूस पिंजायचं यंत्र, बाहेर ओट्यावर शिवणारी माणसं, आणि वर एक लांबट, उंच आढ्याची, लाकडी तक्तपोशीची खोली. एरवी तिथे तयार गाद्या, लोड आणि रजया रचलेल्या असत. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो आणि कापसानं भरलेल्या खोलीत तो मरतो. या दोन टोकांमधली जागा सेक्रेटरी शोधून काढत. याला ते ‘खोली लावणं’ म्हणत. तंबोरा लावतात तशी खोली लावायची. बैठकीच्या दिवशी दुपारी ते एकेका कोपऱ्यात उभे राहून टाळी वाजवत आणि हुकूम सोडत.

"चाचा, खिडकीखालच्या दोन गाद्या काढा. इथे घसा बसल्यासारखं होतंय."

"अरे सेक्रेटरी, त्या गाद्या सावेडीच्या गिऱ्हाइकाच्या आहेत. तुझ्या गवयाच्या नाहीत."

"मग गिऱ्हाइकाला सांगा, आज तुमच्या गादीनं बीन ऐकली. झोप चांगली लागेल."

"आणि नाही लागली तर?"

"तर आमच्याकडे पाठवा. आलापाला लागेल."

चाचा कपाळावर हात मारत आणि गाद्या स्वतः उचलत. एक गादी भिंतीपासून हातभर पुढे, एक आडवी, दाराशी दोन लोड उभे. पुन्हा टाळी. पुन्हा मान तिरकी. शेवटी सेक्रेटरी म्हणत, "लागली." तो शब्द ऐकला की चाचा खाली जाऊन यंत्र बंद करत, आणि गाणं संपेपर्यंत त्या इमारतीत कापूस पिंजला जात नसे.

माईक नाही, पंखा नाही, टाळ्या नाहीत, असे माडीचे नियम होते. गायक मधोमध बसे, आम्ही सगळे भोवती. गाणं संपलं की तंबोरे वाजतच राहत. सेक्रेटरींनी बोटानं खूण केली की मी हात उचलायची. तारांचा आवाज पूर्ण विरला की लोक उठत. त्या खोलीत वाजणारी टाळी एकच, दुपारची, त्यांची. ऐन चैत्रात एक म्हातारे बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, आले होते. बीनेचा आवाज तो केवढा! शेजारच्यानं धोतर सावरलं तरी त्यात बुडावा इतका. घामानं सगळे निथळत होते, आणि तरी त्या संध्याकाळी कुणी रुमालसुद्धा काढला नाही. चाचा तेवढे दिसेनात. नंतर कळलं, ते खाली रस्त्यात उभे राहून टेम्पोवाल्यांना हात जोडत होते, "भाऊ, हॉर्न नको. वर माणूस वाजवतोय."

देवळाली प्रवऱ्याचे तात्या म्हणजे आमचे सगळ्यांत लांबून येणारे श्रोते. उसाला पाणी सोडून, एसटी पकडून ते यायचे. ध्रुपदातलं आपल्याला काही कळत नाही, असं दर वेळी सांगायचे आणि दर वेळी पहिल्या रांगेत बसायचे. पहिल्यांदा आले तेव्हा तक्रार केली होती, "सेक्रेटरी, आवाज लई बारीक हाय वो. मागं ऐकू येत न्हाई."

"मग पुढे सरका, तात्या. आवाजाकडे आपण जायचं. त्यानं आपल्याकडे नाही यायचं."

"व्हय का? आमच्याकडं तर भोंगा लावत्यात. घरात बसून ऐकू येतं."

"म्हणूनच तुम्ही इथवर एसटीनं आलात ना?"

तात्या हसले आणि पुढे सरकले ते कायमचे.

एकदा एक तरुण गायक स्वतःचा छोटा माईक आणि खोकं घेऊन आला. म्हणाला, सवय झाली आहे, त्याशिवाय गाता येत नाही. सेक्रेटरींनी त्याला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "माईक लावला की आपण दुसऱ्याच्या कानानं ऐकतो. बटणं फिरवणारा ठरवणार, तुमचा खर्ज मला किती द्यायचा. तो कोण ठरवणार? मी माझ्या कानानं ऐकीन. जेवढं येईल तेवढं माझं, आणि नाही येणार ते माझं नशीब." गायक नाखुशीनं बसला. दोन तास गायला. जाताना सेक्रेटरींच्या पाया पडला आणि खोकं न्यायचं विसरला. ते चाचांच्या माळ्यावर बरीच वर्षं पडून होतं.

दुसऱ्याच्या कानानं ऐकण्याबद्दलचं ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं. नंतर त्याचं मला फार ओझं झालं.

मग एका बैठकीच्या दुपारी, तंबोऱ्याच्या गवसण्या काढत असताना, सेक्रेटरी मला म्हणाले, "बाई, आज टाळी तुम्ही वाजवा."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते खिडकीशी जाऊन माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी वाजवली. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दाराकडचा कोपरा जरा बोलतोय." ते माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते. मान हलवली. "चाचा, दाराशी आणखी एक लोड." मी पुन्हा टाळी वाजवली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लागली."

त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. खोली लावायचं काम त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. पुढच्या बैठकीलाही त्यांनी मलाच सांगितलं, त्याच्या पुढच्याही. ते स्वतः टाळी वाजवेनासे झाले. दुसऱ्यांच्या खोल्यांतही नाही. तंबोरे जुळले की नाहीत हेही मलाच विचारू लागले. मी बोलत असले की माझ्या तोंडाकडे एकाग्र होऊन पाहत. एखादा शिक्षक आपल्या विद्यार्थ्याकडे शेवटच्या वर्षात पाहतो ना, तसं मला ते वाटे. आता ते थकले, आता हे सगळं ते माझ्या हाती सोपवतायत, अशी माझी खात्री झाली. मी बहिणीला फोन करून तसं सांगितलंसुद्धा. मी एरवी कुणाला काही सांगत नाही.

मंडळ मोठ्या महोत्सवात विलीन झाल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. दिल्ली दरवाजापाशी रिक्षा थांबली होती. समोर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सशेजारी दुसरा, त्याहून मोठा. ‘भव्य ध्रुपद महोत्सव’. खाली ‘अत्याधुनिक ध्वनिव्यवस्था’. एका कोपऱ्यात कोट घातलेले सेक्रेटरी, हसणारे, नावापुढे ‘मार्गदर्शक’. मी त्यांना कधी कोटात पाहिलं नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "ताई, उतरायचंय का?" मला कुठे जायचं होतं तेच आठवेना.

मी तशीच दुकानात गेले. ते एका फ्रेमला काडी बसवत होते. बोळातून टेम्पो, मोटारसायकली, पलीकडच्या दुकानात टीव्ही चालू. मी काउंटरशी उभी राहिले. मला भांडता येत नाही. राग आला की माझा आवाज आणखी खाली जातो. मी म्हटलं, "तुम्ही मला विचारायला हवं होतं."

ते फ्रेमवरून नजर न काढता हसले. "बसा ना, बाई."

"चाचांना सांगितलंत? तात्यांना? माईक लावून ध्रुपद? तुम्ही?"

"काळाबरोबर जायला हवं हो," ते म्हणाले. फ्लेक्स पाहून मी आले आहे, हे त्यांना मी दारात आले तेव्हाच माझ्याकडे बघून कळलं असणार. "आसनव्यवस्था चांगली आहे. लोक येतील."

"आणि मी? माझा तंबोरा?"

ते काडीचा स्क्रू आवळत राहिले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी वर पाहिलं, माझ्या खांद्यावरून बोळात नजर टाकली, आणि म्हणाले, "चहा सांगू?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझा असा अपमान कधी केला नव्हता. उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगावं. ऐकलंच नाही असं दाखवू नये. मी निघाले. मागून त्यांची हाक आली की नाही, मला आठवत नाही.

महोत्सवाला मी गेले.  शेवटच्या रांगेत बसले. रंगमंचावर फुलांची तोरणं, दिवे, आणि गायकाच्या मागे तंबोऱ्याच्या जागी एक डबा, खटका दाबला की वाजणारा. मध्यंतरात अध्यक्ष आले, हार आले, भाषण झालं. तात्या माझ्या शेजारी येऊन बसले आणि कानाशी म्हणाले, "बाई, हितं पुढं सरकायची गरजच न्हाई. भिंत बी ऐकतीया." मी सेक्रेटरींना शोधलं. पाहुण्यांच्या खुर्च्या सोडून ते एका कडेला बसले होते, माणसाएवढ्या उंच ध्वनिक्षेपकाच्या खोक्याला अगदी लागून. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख, की माडीवरच्या शेवटच्या काही बैठकांत मी ते पाहिलंच नव्हतं. त्या क्षणी माझ्या मनातून हा माणूस उतरला. एवढंच हवं होतं तर, मी मनात म्हटलं, दिवे आणि भोंगे, मग आम्हाला इतकी वर्षं कशाला अंधारात बसवलंत?

त्यानंतर माडीवर बैठक झाली नाही. चाचांनी खोली गाद्यांनी आढ्यापर्यंत भरली. तंबोरे मी घरी आणून ठेवले, गवसणी घालून, भिंतीकडे तोंड करून. कापडबाजारातून जाताना मी तो बोळ टाळायची. सेक्रेटरींनी एक-दोनदा कुणाकरवी निरोप पाठवला, "बाईंना म्हणावं, येऊन जा." फोन मात्र कधी केला नाही. फोन करत नाहीत, याचाही मी राग धरला. मग ते आजारी असल्याचं ऐकलं, आणि मी जावं की न जावं हे ठरवत असतानाच ते वारले.

दहाव्यानंतर मी सेक्रेटरींच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेले. त्यांच्या घरी मी फार क्वचित गेले होते. त्यांनी माझा हात धरून मला जवळ बसवलं आणि मोठ्यानं, जवळजवळ ओरडून बोलायला लागल्या. मग स्वतःच थांबल्या. "बघा, सवय जात नाही. इतकी वर्षं ओरडूनच बोलतेय. माझ्याच घशाला औषध सुरू झालं."



"आधी बारीक आवाज गेले," त्या सांगत होत्या. "दारावरची घंटा, चिमण्या. मग बायकांचं बोलणं. शेजारीण बोलली की नुसते हसायचे. पुरुषांचं ओठांवरून ओळखायचे. यंत्र घ्या म्हटलं तर अंगावर यायचे. जन्मभर दुसऱ्यांना चष्मे लावले, आणि स्वतःच्या कानाला यंत्र म्हटलं की..." त्यांनी डोळे पुसले. "त्या महोत्सवाच्या लोकांना हो म्हणाले ते त्यासाठीच. मोठ्या आवाजात तरी थोडं ऐकू येईल म्हणाले. मला घरी येऊन सांगितलं, खर्ज ऐकला गं, खर्ज ऐकला. लहान मुलासारखे रडले."

मग त्यांनी माझा हात दाबला. "तुम्ही होतात म्हणून त्या माडीवर निभावलं. मला म्हणाले होते, फक्त बाईंना सांगितलंय. त्यांच्या कानानं मी खोली लावतो, त्या कुणाला कळू देत नाहीत. तुमचे उपकार आहेत हो."

 मी काही बोलावं म्हणून वहिनी वाट पाहत होत्या. मला कधीच, काहीच सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. ते मी उच्चारलं असतं तर त्यांच्या हातात नवऱ्याचं एक खोटं गेलं असतं, आणि ते त्यांना आता कुणाला विचारताही आलं नसतं. मी म्हटलं, "हो. सांगितलं होतं मला."

"काय?" वहिनी म्हणाल्या. मी हळू बोलले होते.

"सांगितलं होतं," मी जरा मोठ्यानं म्हटलं.

तेव्हापासून ते खोटं माझं झालं आहे. महोत्सवाचा राग सोपा होता. तो मी नीट घडी घालून ठेवला होता. त्यांनी आपलं तत्त्व सोडलं, प्रसिद्धीला भुलले, आम्हाला टाकलं, असं सगळं साफ दिसत होतं. आता त्याची घडी मोडली आहे आणि ती पुन्हा घालता येत नाही. न ऐकू येणाऱ्या माणसानं गाण्यासाठी भोंग्याला कान लावला, यावर कोण रागावणार? पण ज्याला मी मान समजले, ती त्यांची अडचण होती. ज्याला मी वारसा समजले, तो त्यांचा आडोसा होता. त्यांनी माझा कान घेतला आणि ज्याचा कान घेतला त्यालाच सांगितलं नाही. दुसऱ्याच्या कानानं ऐकू नये, हे ज्यांनी मला शिकवलं, ते माझ्या कानानं ऐकत होते, आणि मी घरी जाऊन बहिणीला फोन करत होते. सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? हा प्रश्न मी त्यांना विचारू शकत नाही. तो मी दुकानात विचारला असता, तरी बहुतेक त्यांना ऐकू गेला नसता. त्यांच्या उरलेल्या कानाला सगळ्यांत कमी पोचणारा आवाज माझाच होता.

परवा तात्यांचा फोन आला. "बाई, सेक्रेटरी गेले म्हनून गानं बी गेलं का? आमी येतो की. तुमी नुसतं बोलवा." मी दोन दिवस विचार केला आणि चाचांकडे गेले. चाचांनी लगेच माणसं बोलावून माडी मोकळी करायला लावली. गाद्या खाली जात होत्या तेव्हा आम्ही दोघं जिन्याशी उभे होतो.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं?"

ते कापसाचे कण बाहीवरून झटकत राहिले. "एकदा मी मुद्दाम गादी चुकीच्या भिंतीला लावली, बाई. पूर्वी दारातूनच ओरडला असता. काही बोलला नाही. खाली गेलो आणि यंत्रामागे बसून राहिलो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्यानं मला कुठं सांगितलं होतं? जे त्यानं दिलं नाही, ते मी दुसऱ्याला कसं देऊ?" मग म्हणाले, "आणि मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. इतक्या मायेनं करत होतात."

 खोली रिकामी झाली होती. मग आम्ही एकेक गादी परत आणवली. एक खिडकीखाली, एक आडवी, दाराशी दोन लोड. मी मधोमध उभी राहिले, तळवे जरा पोकळ धरले आणि टाळी वाजवली. आवाज आढ्याकडे गेला, तिथे क्षणभर राहिला आणि कुठेही न अडखळता विरला. खोली इतकी चांगली कधीच लागली नव्हती.

माझी मान आपोआप खिडकीकडे वळली. तिथे उभं राहून ते माझा चेहरा वाचत. आता तिथे नुसता उजेड होता.

"लागली!" मी म्हटलं. नव्हे, ओरडलेच. छातीतून, घसा फाटेल असं, जन्मात कधी ओरडले नव्हते तसं. खाली शिवणाऱ्यांचे हात थांबले असावेत.

चाचा दाराशी उभे होते. त्यांनी लोड नीट केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हळू बोला, बाई. मला ऐकू येतंय."